बाईसाहेबांच्या मापाचे पाटे

बाईसाहेबांना वजन विचारायचं कुणी, यावरून मोटारीच्या कारखान्यात मिस्त्री आणि त्यांच्या बायकोची सकाळपासून जुंपली होती.

"अहो, विचारून टाका की सरळ!"

"तूच विचार. मला हा कारखाना अजून चालवायचाय."

शहरातली सगळ्यात आलिशान मोटार नव्या स्प्रिंग, गिअर आणि गादीसाठी पहिल्यांदाच मिस्त्रींच्या दारात आली होती. बाईसाहेबांनी बजावलं होतं, "पोटातलं पाणी हललं, तर गाडी दुसरीकडे जाईल!" पण मागे बसणाऱ्याचं वजन कळल्याशिवाय चाकांवरच्या स्प्रिंगला पोलादी पट्ट्यांचे पाटे किती घालायचे, हे ठरणार कसं?

शेवटी मिस्त्रींनी मागच्या जुन्या गादीला पडलेला खड्डा फूटपट्टीनं मोजला. मग नव्या गादीवर वाळूची पोती रचायला घेतली. तिसऱ्या पोत्याला बरोब्बर तेवढाच खड्डा पडला.

"तीन?" बायकोनं तोंडावर हात ठेवला. "बाई गं!"

"हळू बोल!"

मिस्त्रींनी दोन पाटे वाढवले. गिअरही तेवढं ओझं सहज खेचतील असे बसवले. पोती घेऊन चक्कर मारली, तर गाडी नुसती तरंगत गेली.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेब बसल्या. मिस्त्रींनी क्लच सोडला मात्र, गाडी वासरासारखी उधळली! पहिल्याच खड्ड्यात बाईसाहेब उडाल्या, छतावर आपटल्या आणि चष्मा कपाळावर घेऊन खाली आल्या. मिस्त्रींनी करकचून ब्रेक दाबला.

"वजन किती धरलं होतंत माझं?"

"बाईसाहेब... तीन पोती."

बाईसाहेब चक्क हसल्या!

"अहो, सहा महिने अर्धपोटी राहतेय मी! नवऱ्याला कळलं नाही, सासूबाईंना कळलं नाही. कळलं ते या गाडीला! खबरदार पाट्यांना हात लावाल तर."

तेव्हापासून दर सोमवारी त्या यायच्या, चक्कर मारायच्या, डोकं आपटून घ्यायच्या आणि खुशीत घरी जायच्या.

चौथ्या महिन्यात मात्र गाडी लोण्यासारखी धावली. सगळ्या खड्ड्यांवरून गेली, तरी बाईसाहेब जागच्या हलल्या नाहीत. मिस्त्री अभिमानानं दार उघडून उभे राहिले.

बाईसाहेब लालबुंद होऊन उतरल्या आणि दार धाडकन आपटलं.

"मिस्त्री, बिघडवलीत ना गाडी!"