महाव्याघ्राच्या तोंडातला गाळ

एका जंगलात, मुलांनो, एक दगडी टाके होते. टाक्याच्या भिंतीत दगडाचेच एक मुख कोरलेले होते. डोंगरातला झरा जमिनीखालच्या पाटातून यायचा आणि त्या मुखातून टाक्यात पडायचा. सगळे जंगल हेच पाणी प्यायचे. पाणी पिताना मान खाली असते, त्यामुळे मुखाकडे कुणी कधी पाहिले नव्हते.

पाहायची ती एकटी भागाबाई कासवीण. पानगळ संपली की दर फाल्गुनात ती मुखात शिरायची आणि आत अडकलेला पाला नि गाळ उपसून बाहेर टाकायची. तिला चार दिवस लागायचे. कासवीण आहे, घाई करू नका. तिची आई हेच करायची, आईची आई हेच करायची. का करायच्या, हे कुणी कुणाला विचारले नव्हते. पाणी येत होते.

पुढे काय झाले, शेजारच्या जंगलात एक मोडका खांब सापडला. तो पाच हजार वर्षांपूर्वीचा निघाला. तेव्हापासून तिथला वाघ साध्या बारशाच्या पत्रिकेवरसुद्धा 'पाच हजार वर्षांची परंपरा' असे छापू लागला.

आपल्या वाघमहाराजांची अन्नावरची वासना उडाली.

"आपल्याकडे जुने असे काहीच नाही का हो?" त्यांनी प्रधान कोल्ह्याला विचारले.

"भांडणे आहेत, महाराज."

"दाखवण्यासारखे काही?"

मग तरसशास्त्र्यांना बोलावणे गेले. तरसशास्त्री प्राचीन अवशेषांचे मोठे जाणकार होते. सापडलेली हाडे ते स्वतः तपासत, आणि तपासलेले हाड पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडत नसे. ते तीन दिवस जंगलभर हुंगत फिरले. चौथ्या दिवशी तहान लागली म्हणून टाक्यावर आले आणि मान वर करून ओरडले, "सापडले!"

सगळे धावले. शास्त्र्यांनी शेपटीने मुखाची लांबी-रुंदी मोजली.

"किती जुने आहे?" महाराजांनी विचारले.

"शेजारचा खांब किती म्हणालात?"

"पाच हजार."

"हे साडेसहा."

आता प्रश्न एवढाच उरला, की हे मुख कुणाचे? नाक झिजले होते, कान पडले होते, डोळ्यांत शेवाळ होते. वाघाला त्यात वाघ दिसला. रानडुकराला डुक्कर दिसले. सशालाही काहीतरी दिसले, पण तो बोलला नाही. दोन दिवस खडाजंगी झाली. शेवटी हे मुख महाराजांचे मूळपुरुष महाव्याघ्र यांचे आहे, असे ठरले. सुळ्यांच्या जागी जे टवके उडाले होते, ते रानडुकरांच्या समाधानासाठी त्यांच्या नावे करण्यात आले.

टाक्याभोवती काटेरी कुंपण पडले. फाटकावर हुप्प्या वानर पहारेकरी बसला. पाणी प्यायला आत सोडत. मुखाला मात्र हात लावायचा नाही, तशी पाटीच लागली.

फाल्गुन लागला. भागाबाई आली आणि नेहमीप्रमाणे मुखाकडे निघाली.

"अहो भागाबाई, कुठे?" हुप्प्याने हटकले.

"गाळ काढायला."

"कुठला?"

"आतला. दरसाल काढते ना रे बाबा."

"महाव्याघ्रांच्या तोंडात पाय घालता?" हुप्प्या हादरला. तिला तसाच महाराजांपुढे घेऊन गेला.

"महाराज," भागाबाई म्हणाली, "ते तोंड दिसायला आहे. खरी ती पाण्याची वाट. ज्यांनी बांधले, त्यांनी आत शिरून साफ करता यावे म्हणूनच जबडा एवढा मोठा ठेवलाय. या साली गाळ राहिला तर वैशाखात पाणी बंद होईल."

"पुरावा?" तरसशास्त्री म्हणाले.

"आत डोकावून बघा. तळाचा दगड कसा गुळगुळीत आहे. आमच्या पाठीपोटाने घासून झालाय तो. आईच्या, आजीच्या, पणजीच्या."

सगळे टाक्यावर गेले. शास्त्री मुखात डोकावले. बराच वेळ पाहत राहिले. मग बाहेर येऊन त्यांनी टिपण केले : 'घशाच्या आत आरशासारखी झिलई. प्राचीनांचे हे तंत्र आज लुप्त झाले आहे.'

भागाबाईला कुंपणाबाहेर काढण्यात आले. साडेसहा हजार वर्षांच्या वास्तूत तिने अतिक्रमण केले होते.

चैत्रात धार बारीक झाली. लोकांनी शास्त्र्यांना कारण विचारले. शास्त्री म्हणाले, महाव्याघ्र प्रसन्न नाहीत. म्हणून उत्सव ठरला. महाव्याघ्रांना नैवेद्य तोंडातच द्यायचा, ही प्रथा त्याच सकाळी प्राचीन काळापासून सुरू झाली. कुणी फुले कोंबली, कुणी मोहाची पाने. अस्वलाने चांगली पक्की, नारळाएवढी बेलफळे आणली होती. ती त्याने भक्तिभावाने खोल ढकलली.

संध्याकाळी धार थांबली.

"महाव्याघ्रांनी मौन धरले," शास्त्र्यांनी जाहीर केले. सगळ्यांनी हात जोडले.

वैशाखात टाक्याचा तळ दिसू लागला. एक भेकर आपल्या पाडसाला घेऊन महाराजांकडे आले. पाडसाला उभे राहवत नव्हते.

"महाराज, पाणी नाही हो."

"पाणी काय, शेजारच्या जंगलातही आहे," महाराज म्हणाले. "त्यांच्याकडे साडेसहा हजार वर्षे आहेत का?"

भेकराने नीट विचार केला आणि ते पाडसाला घेऊन शेजारच्या जंगलात गेले.

भागाबाई रोज फाटकाशी यायची. "हुप्प्या, एकदाच जाऊ दे. झरा आटलेला नाही रे. कान लावून बघ, आत पाणी वाजतंय."

हुप्प्याने कान लावला. खरेच वाजत होते. त्याची जीभ टाळूला चिकटली होती.

"वाजतंय," तो म्हणाला. "पण नियम आहे, भागाबाई."

मग ससे गेले, डुकरे गेली. तरसशास्त्र्यांना शेजारी खांबाचे काम मिळाले. हुप्प्या फाटकाला उंचावरची कडी लावून गेला. सर्वांत शेवटी महाराज गेले. जाण्याआधी त्यांनी 'हात लावू नये' ही पाटी पुसून स्वच्छ केली.

भागाबाई गेली नाही. तिच्या चालीने शेजारचे जंगल दोन महिन्यांवर होते. आणि आत पाणी वाजत होते. ती फाटकाशी बसून राहिली. मला इथे फार वाईट वाटते, मुलांनो. पण गोष्ट पुढे न्यायला हवी.

पुष्कळ वर्षे गेली. त्या ओसाड जागी दुसरे प्राणी आले. त्यांच्यातही एक शास्त्री होते. त्यांनी खणले. कुंपण सापडले, पाटी सापडली, फाटकाबाहेर मुखाकडे तोंड करून बसलेल्या कासवाची कवटी आणि पाठ सापडली. मुखात दगडासारखी झालेली बेलफळे सापडली.

शास्त्र्यांनी अहवाल लिहिला : 'येथे एक थोर संस्कृती नांदत होती. या लोकांची देवावर एवढी श्रद्धा होती, की त्यांनी त्याला गुदमरेपर्यंत भरवले. पाण्याची त्यांना गरज नसावी. फाटकावरचे कासव हे त्यांचे द्वारपाल दैवत. त्याचे काम कुणालाही आत न सोडणे.'

भागाबाईच्या पाठीला शेंदूर लावण्यात आला. तिच्याभोवती कुंपण घालण्यात आले.

इतक्यात एक शेळी मुखाला कान लावून म्हणाली, "अहो, आत पाणी वाजतंय."

"हात लावू नका," शास्त्री म्हणाले.

तात्पर्य : पूर्वजांचे काम कधीही पुढे चालवू नये. ते चालू राहिले, तर त्याचा इतिहास होत नाही.