अडीच फूट खोल धरण

आपल्या हाताला वायर लागली अन् काम झालं न्हाई, असं कवाच झालं न्हाई! नांदूरघाटात कुणालाबी विचारा. मांडवाची लायटिंग असो, बोअरची मोटर असो, रामेश्वरच लागतो! म्हणून तर मच्छीमार सोसायटीच्या चेअरमन छबुबाईंनी नवीकोरी बोट ट्रॉलीसकट आमच्या अंगणात आणून उभी केली.

"रामेश्वर, समदी यंत्रं एका स्क्रीनवर दिसली पायजेत. रविवारी धरणावर दाखव, बोट चालवायची नोकरी तुझी!"

नोकरी! लग्नसराई संपली की मी घरी बसून बायकोची बोलणी खातो. मला ती नोकरी लई पायजे होती.

काम सोपं होतं. बोटीत एक मुख्य वायर टाकायची. जीपीएस, खोली मोजायचा सेन्सर, स्क्रीन, समदं तिलाच जोडायचं. तासाभरात जोडलं. स्क्रीन काळी ठिक्कर!

"अहो, ही दोन बुचं कशाची उरली?" संगीतानं, म्हंजे आमच्या मंडळींनी, विचारलं.

"धूळ जाऊ न्हाई म्हणून देतात. फेकून दे."

तिनं फेकली न्हाईत. संगट आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं, ह्या बुचांबिगर यंत्रं एकमेकांशी बोलत न्हाईत. तिनं ती वायरच्या दोन्ही टोकांना बसवली, अन् स्क्रीन पेटली!

"मी तेच करणार होतो," मी म्हणलं.

आता खोली मोजायची तर पाणी पायजे. आमच्याकडं पाणी म्हंजे टँकरचं! बोटीतच निळा ड्रम ठेवला, भरला, सेन्सर आत सोडला. स्क्रीनवर आलं, अडीच फूट. टेपनं मोजलं, अडीच फूट! मी अंगणात नाचलो.

"नाचा, पण पाणी सांडलं तर बघा! टँकर आठ दिवसांनी येणार हाय," संगीता म्हणाली.

रविवार उजाडला, पण भरलेला ड्रम दोघांना हलंना. म्हणून वर पोतं बांधलं अन् बोटीसंगट तसाच धरणावर नेला. राखणीला संगीताबी आली. संगट छबुबाई अन् चाळीस वर्षं याच धरणात जाळं टाकणारे आसाराम काका.

काठावर स्क्रीन म्हणाली, अडीच फूट. मधोमध गेलो, अडीच फूट!

"कायबी काय बे! हितं चाळीस फूट पाणी हाय!" काका खेकसले.

"काका, ही मशीन हाय. तिला तुमच्यावाणी अंदाज करता येत न्हाई!"

छबुबाईंचं तोंडच उतरलं. "अगं बाई! धरण गाळानं भरलं की! आपली मासळी जगायची कशी?" त्यांनी फोन काढून सोसायटीभर बोंब ठोकली. काठावर ही गर्दी!

"खोटं बोलते का मशीन? थांबा, दाखवतोच!" मी म्हणलं. चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, अन् उतरलो.

उतरतच गेलो!

काकांनी कॉलर धरून वर ओढलं. नाकातोंडातून पाणी काढत बोटीत पडलो होतो, तवर संगीतानं पोतं उचललं.

"अहो! तुमचा सेन्सर अजून आपल्या ड्रमात हाय!"

तिनं तो काढला अन् बोटीच्या बाहेर धरणात सोडला. स्क्रीनवर आलं, एक्केचाळीस फूट. छबुबाई डोळ्याला पदर लावून हसत सुटल्या.

"संगीता, उद्यापासून बोट तूच चालवायची!"

"अन् मी?"

"तू आधी पोहायला शीक!"

आता रोज सकाळी संगीता बोट घेऊन जाते, अन् मी काठाशी ट्यूब धरून पाय मारतो. ती जाताना हसून हात हलवते. मी न्हाई हलवत. राग न्हाई हो, ट्यूब सोडली की बुडतो!