राजाला मिशा कुणाच्या?

पाच वर्षांच्या पोराला इतिहास सांगून हसवायचं असेल तर मला बोलवा! सनावळ्या ऐकल्या की पोरं पेंगतात. माझ्या चित्रांच्या पुस्तकांत मात्र राजे शिंकतात, सेनापती घोड्यावर उलटे बसतात आणि पोरं गडाबडा लोळतात. मजकूर माझा, चित्रं बायकोची. ती मनाने काहीच काढत नाही. घोडा काढायचा तर आधी जाऊन घोडा बघून येणार!

या वेळचा आमचा राजा अंघोळ टाळणारा होता. शनिवारी वाचनालयात मुलांसमोर मीच पुस्तक वाचणार होतो. सगळं झकास चाललं होतं, आणि मी तिसऱ्या पानाचं चित्र पाहिलं.

राजा भरदुपारी लोळत होता. पोट सुटलेलं, मिशा दोन्हीकडे ताठ, एक डोळा अर्धा उघडा.

मी आरशात पाहिलं. पुन्हा चित्र पाहिलं. तेच पोट, त्याच मिशा!

"अगं, हा राजा कुणाला बघून काढलास?"

"आहे एक घरातलाच," ती ब्रश धूत म्हणाली. "बस म्हणून सांगावंही लागत नाही. दिवसभर लोळतच असतो."

घरातलाच! माणसं म्हणाल तर घरात आम्ही दोघंच. म्हणजे शनिवारी चाळीस पोरं एकदा पुस्तकाकडे बघणार आणि एकदा माझ्याकडे. वीस वर्षांची इज्जत धुळीला!

मी पाळत ठेवली. आधी पडद्यामागे उभा राहिलो, मग कपाटाच्या आड. एकदा तर टेबलाखाली शिरलो. ती निवांत चित्रं काढत होती. मधूनच माझ्या दिशेने बघायची आणि गालातल्या गालात हसायची. संशय पक्का! नवी पानंही मी तपासली. राजा जेवतोय, राजा पाणी बघून पळतोय. मागे पडदे, खांब, दरबारातली गर्दी वगैरे होती, पण तिकडे कोण बघतो! माझं सगळं लक्ष मिशांवर.

शेवटी प्रकाशकांना गाठलं.

"राजा बदला! तो मी आहे!"

प्रकाशकांनी उठून दार लावून घेतलं.

"खरं सांगा, तुम्हाला कुणी पाठवलं? राजा मी आहे! हे पोट बघा की!"

"पण तुम्हाला मिशा कुठे आहेत?"

"कॉलेजात होत्या! कुणीतरी तुमच्या बायकोला माझा जुना फोटो पुरवलाय. मला तर आमच्या मुद्रितशोधकाचा संशय आहे."

अर्धा तास आम्ही एकमेकांची पोटं निरखत बसलो. निकाल काही लागेना.

"आता बोलून उपयोग नाही," ते हताशपणे म्हणाले. "शेवटचं पान सोडून सगळी छपाईला गेली."

मग एकच उपाय उरला. घरी आलो आणि मिशा सफाचट केल्या! बायकोने एकदा निरखून पाहिलं. वही उचलली आणि शेवटचं पान काढायला बसली. तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

शनिवारी मी झोकात वाचलं. पोरं हसत होती ती राजाला, मला नव्हे. मिशांचं बलिदान कामी आलं म्हणायचं! शेवटचं पान उघडलं. राजा धपकन हौदात पडला. तेवढ्यात पुढे बसलेली एक मुलगी ताडकन उठली.

"काका, हे तुम्ही!"

"छे छे! राजाला मिशा आहेत, मला कुठे आहेत?"

"राजा नाही हो! हा हेर!"

मी पान डोळ्यांजवळ नेलं. हौदामागे राजाचा हेर उभा होता. वेष बदलायला त्याने मिशा काढल्या होत्या. मी घाईघाईने मागची पानं उलटली. चौथ्या पानापासून तो प्रत्येक चित्रात होता! पडद्यामागे, खाली बूट दिसताहेत. खांबाआड, पोट बाहेर आलंय. टेबलाखाली, ओणवा. माझ्या मजकुरात हेर नव्हताच! पोरं तर केव्हापासून पानोपानी त्यालाच शोधून हसत होती. मागच्या रांगेत प्रकाशक सगळ्यांत जोरात हसत होते. सुटले होते ना ते!

घरी आल्या आल्या विचारलं, "मग राजा कोण?"

बायकोने सोफ्याकडे बोट दाखवलं. तिथे आमचा बोका लोळत होता. पोट सुटलेलं, मिशा दोन्हीकडे ताठ, एक डोळा अर्धा उघडा. जन्मात अंघोळ नाही!

त्याने दुसरा डोळाही उघडला आणि माझ्याकडे बराच वेळ संशयाने पाहिलं. मिशांशिवाय त्याने मला ओळखलं नसावं.