पुस्तकात ती वापस येती

भोकरदनच्या व्हिडिओ सेंटरात एक सिनेमा असा होता, की तो संपला तरी लोक चपला शोधायला उठत नसत. ते भगवानअण्णांकडे बघत. अण्णा आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. ते टीव्हीशेजारी उभे राहत, ज्यावरून तो सिनेमा काढला होता ते जाड इंग्रजी पुस्तक वर धरत आणि सांगत, "सिनेमावाल्यानं घोळ केलाय. पुस्तकात ती वापस येती."

हे नव्वदनंतरच्या वर्षांतलं. त्या कॅसेटवर गावाचा का जीव होता कोण जाणे. दर दोन-तीन महिन्यांनी रविवारी दुपारी ती लागायचीच. पुढच्या काळातलं एक शहर, भोवती उंच भिंत. पोरं सोळा वर्षांची झाली की एक यंत्र त्यांनी जन्मभर काय करायचं ते ठरवतं, आणि आईबापांनी हूं की चूं करायचं नाही. एक पोरगी भिंत ओलांडून पळते. सिनेमा तिथंच संपतो. अण्णांना हे बिलकुल मंजूर नव्हतं.

पुस्तक आलं होतं कुण्या बदली झालेल्या साहेबानं जाताना दिलेल्या खोक्यातून. डिक्शनरी घेऊन अण्णांनी ते वर्षभर वाचलं. दुसऱ्या कुणी ते उघडलंही नव्हतं, त्यामुळे अण्णा म्हणतील तोच शेवट.

गंमत म्हणजे त्या यंत्राच्या नावानं बोटं मोडणारे अण्णा वाचनालयात तेच करत. माणूस बघायचा आणि पुस्तक ठरवायचं. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायला नवाच आलो होतो. रहस्यकथा मागितली, तर मला खालून वर न्याहाळून त्यांनी मधमाशीपालनाचं पुस्तक हातात दिलं. "तुम्हाला हेच बराबर हाय." मोंढ्यातल्या एका आडत्याला ते कवितासंग्रहच द्यायचे. त्यानं तीनदा न वाचता परत केला. चौथ्यांदा तो कापसाच्या गठ्ठ्यावर बसून मोठ्यानं कविता म्हणताना सापडला. अण्णांच्या हट्टाला असं यश आलं की त्यांना आवरणं कठीण व्हायचं.

एका रविवारी अण्णा तापानं पडले आणि नेमकी तीच कॅसेट लागली. सेंटरवाला माझ्याकडे आला. शेवट आता तुम्ही सांगा म्हणाला. चूक नको म्हणून मी वाचनालयाची किल्ली आणवली आणि अण्णांच्या टेबलाशी बसून शेवटचं प्रकरण वाचलं.

पोरगी परत येतच नव्हती. तिचा बाप भिंतीशी जाऊन उभा राहतो, एवढंच होतं.

पुस्तकाच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखांची रांग होती. दर पंधरा दिवसांनी पुस्तक जमा आणि पुन्हा नेलेलं, प्रत्येक ओळीवर एकच नाव, अण्णांचं. सेंटरात माझी वेळ आली तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, पुस्तकात ती वापस येते. लोक समाधानानं चपला शोधायला लागले.

तिथून पुस्तक घेऊन मी अण्णांच्या घरी गेलो. बायको वारल्यापासून ते एकटेच असत. सेंटरात काय सांगितलं, हे त्यांनी आधी विचारून घेतलं; तुमचाच शेवट, म्हणालो. मग त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं.

"लिहिणाराला लेक नसंल, सर."

अण्णांना लेक होती, हे मला तेव्हा कळलं. नंदा. तिला नर्सिंगला जायचं होतं. अण्णांना तिच्यात मास्तरीण दिसली. डी.एड.चा फॉर्म त्यांनीच आणला, त्यांनीच भरला.

"तिची सही बी मीच केल्ती," ते म्हणाले. "ती सकाळच्या जालना गाडीनं गेली. पुण्याला हाय म्हन्तेत, दवाखान्यात. सात वर्सं झाली."

मला त्यांचा राग आला. तरीही पत्ता आहे का, म्हणून विचारलं. पत्ता होता. त्याच पुस्तकात, कव्हराच्या खाकी कागदाआड, कोरं आंतरदेशीय पत्र होतं. वर नंदाचा पत्ता लिहिलेला, आत एक अक्षर नाही.

मी खिशातलं पेन काढून दिलं. अण्णांनी पत्र उघडून मांडीवर पसरलं, चष्मा लावला, पुन्हा काढला. गावात कुणी काय वाचायचं हे कुणालाही न विचारता ठरवणारा तो माणूस माझ्याकडे बघत राहिला.

"सर," ते म्हणाले, "तुम्हीच सांगा, काय लिहू?"