'हलकीफुलकी सकाळ'ची सुनावणी

रत्नाकर तेरदाळे यांनी ऐन तरुणपणी रचलेली 'हलकीफुलकी सकाळ' ही धून एका मंगळवारी दुपारी जयसिंगपूरला त्यांच्या घरी परत आली आणि म्हणाली, यापुढे मी कामावर जाणार नाही.

दार हर्षदाताईंनी उघडलं होतं. धून आत आली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. खुर्ची किंचित गुणगुणू लागली.

"पाणी देऊ?" हर्षदाताईंनी विचारलं.

"नको, काकू. तेवढा पंखा बंद करा. घरघर सुरू झाली की माझा आवाज आपोआप खाली जातो."

धून तेरदाळ्यांच्या लग्नाआधीची होती. त्यामुळे रत्नाकर तिचे बाबा आणि हर्षदाताई काकू. यात कुणालाच कधी वावगं वाटलं नव्हतं.

तेरदाळे संगीतकार होते. कुठल्या सिनेमाचे, असं लोक विचारत आणि ते सांगत, कुठल्याच नाही. मुंबईच्या सुश्राव्य संगीत भांडारासाठी ते तयार धुना करून ठेवत. ज्याला जशी हवी तशी तो तिथून घेई आणि आपल्या जाहिरातीखाली, माहितीपटाखाली लावी. प्रत्येक वापरामागे थोडे पैसे तेरदाळ्यांकडे येत. 'संयमित आशा', 'प्रगतीची आकडेवारी', 'तणाव, पण फार नाही' अशी त्यांची बरीच अपत्यं नोकरीला होती. पण कमावती म्हणावी अशी ही एकच. घरातलं तेल-मीठ तिच्याच जिवावर येत होतं.

"झालं काय, ते तरी सांग," तेरदाळे म्हणाले.

"काही झालं नाही, बाबा. कंटाळा आला. गाद्या विकल्या, सिमेंट विकलं, बँकेला गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करायची होती तेव्हा तिच्या मागे उभी राहिले. सगळे माझ्यावरून बोलतात. मला आजवर कुणी ऐकलेलं नाही. माझी सुनावणी घ्या. मग बघू."

संध्याकाळी हर्षदाताईंनी टीव्ही लावला. गादीच्या जाहिरातीतली बाई नेहमीप्रमाणे उठली, आळस दिला आणि हसली. खाली धून नव्हती. नुसत्या शांततेत ती बाई इतका वेळ हसत राहिली की हर्षदाताईंना तिची काळजी वाटू लागली.

शुक्रवारी भांडाराचे सेवाशर्ती अधिकारी कामेरकर मुंबईहून आले. मृदू स्वभावाचे गृहस्थ होते. रजेवर जाणाऱ्या धुनांची प्रकरणं तेच बघत. मागच्याच महिन्यात त्यांनी एका सनईला लग्नाच्या मोसमापुरतं समजावून परत पाठवलं होतं.

"अर्जदाराला सुनावणीचा हक्क आहे," चहा संपवून ते म्हणाले. "ती आत्ताच उरकू. अर्जदारानं आपलं म्हणणं मांडावं."

धून सुरू झाली.

"नोंदीसाठी सांगतो," कामेरकर म्हणाले, "की अर्जदार विनातक्रार सेवेत..."

ते बोलू लागताच धून खाली गेली. इतक्या वर्षांची सवय. त्यांच्या वाक्याखाली ती मऊ, पातळ अशी पसरली आणि त्यांचं बोलणं एकदम भारदस्त वाटू लागलं. कामेरकरांनाही ते जाणवलं. त्यांनी वाक्य थोडं लांबवलं.

"अर्जदाराचं म्हणणं ऐकू येत नाही," शेवटी ते म्हणाले.

"तुम्ही थांबलात की येईल," हर्षदाताई म्हणाल्या.

"मी थांबलो तर सुनावणी चालवणार कोण?"

"तीच चालवेल की."

कामेरकरांनी नियम आठवून पाहिले. अधिकाऱ्यानं बोललंच पाहिजे असं कुठे नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं. तेरदाळ्यांनी फोन बंद केला. हर्षदाताईंनी कुकरखालचा गॅस घालवला.

धून पहिल्यापासून सुरू झाली. गिटारीचे हलके ठोके, मग घुंगरांसारखं काहीतरी, मग एक छोटी उसळी. कामेरकरांचा पाय हलू लागला. आणि अर्ध्यावर आल्यावर ती एकाएकी थांबली.

"बाबा, इथं काय आहे?"

तेरदाळे चहाच्या कपबशा गोळा करू लागले.

"इथं मला काहीच सापडत नाही. नुसतं खालचं अस्तर लागतंय."

"तिथं जागा आहे," तेरदाळे म्हणाले.

"कुणाची?"

"बोलणाऱ्याची. गादीबद्दल तो तिथंच सांगतो ना. सगळ्यांनाच तशी जागा ठेवावी लागते, बाळ. नाहीतर कुणी घेत नाही."

खुर्चीचं गुणगुणणं थांबलं. मग ती म्हणाली, "मग मी गप्प बसून ऐकायला लावलं तुम्हाला, ते कशासाठी? जिथं ऐकायला हवं, तिथं मीच नाही."

तेरदाळ्यांची नजर पेटीकडे गेली. त्यांनी कामेरकरांकडे पाहिलं.

"तुम्ही काय विचार करताय ते मला कळतंय," कामेरकर अगदी हळू म्हणाले. "पण ती जागा सुरांनी भरलीत तर ती पार्श्वसंगीत राहणार नाही. ते नुसतं संगीत होईल. आमच्याकडे तो विभाग नाही. मला तिला कामावरून कमी करावं लागेल."

तेरदाळे बायकोकडे वळले. घर कसं चालायचं, हा प्रश्न त्यांनी तोंडानं विचारला नाही.

"पोरीला अर्ध्या पोलक्यात गावभर फिरवलंत," हर्षदाताई म्हणाल्या. "आधी ते शिवून द्या. पुढचं पुढं बघू."

तेरदाळे पेटीपाशी बसले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की समोर उभं राहील असं काही रचायची आपल्याला सवयच उरलेली नाही. हात आपोआप बाजूला सरत होते, कुणीतरी मधे बोलेल म्हणून वाट सोडत होते. त्यांनी एक तुकडा वाजवला.

"हे सिमेंटचं आहे," धून म्हणाली.

दुसरा वाजवला.

"ही दिलगिरी."

तिसरा वाजवून होण्याआधी तेरदाळे स्वतःच थांबले. वैतागून ते उठले, खिडकीशी गेले आणि बाहेर बघत पुटपुटल्यासारखं गुणगुणू लागले. त्यात थोडा भूप होता, थोडा हट्ट होता, आणि शेवटी एक वळण असं होतं की पुढं काय येणार ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"हे," धून म्हणाली. "हे द्या."

त्यांनी दिलं. धुनेनं ते आत घेतलं आणि मग सलग, सबंध, सगळ्यांसमोर ती वाजली. मधल्या भागात कामेरकरांनी चष्मा काढून पुसला. मग सही करून तिला सेवेतून मुक्त केलं आणि जेवून जा म्हटल्यावर जेवूनही गेले.

पुढचे दिवस ओढाताणीचे गेले. तेरदाळ्यांनी 'खात्रीशीर टिकाऊपणा' आणि 'कौटुंबिक विमा' अशा दोन नव्या धुना घाईघाईनं भांडारात पाठवल्या. त्या हुशार होत्या, पण अजून रुळायच्या होत्या. 'हलकीफुलकी सकाळ' घरीच असे. भाजी निवडताना हर्षदाताईंना तिची सोबत होई, पण बिनकामाची बसून आहोत हे तिच्याही मनाला लागत होतं.

मग एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या डॉक्टर नीलोफर मुजावर वर आल्या. त्यांचा दातांचा दवाखाना होता.

"तेरदाळेसाहेब, छतातून एक धून ऐकू येते आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "काल ती वाजत होती तोवर एक पेशंट खुर्चीचे हात न धरता बसला होता. नोकरी करेल का ती?"

"मधे कुणी बोललेलं मला चालणार नाही," धून खुर्चीतून म्हणाली.

"अगं, माझ्याकडे बोलणार कोण? पेशंटचं तोंड उघडं. त्यात माझे दोन्ही हात. माझ्या तोंडावर मास्क."

धुनेनं विचार केला. एवढा मोठा, तोंड उघडं ठेवून गप्प बसलेला श्रोतृवर्ग तिला दुसरीकडे मिळण्यासारखा नव्हता. रविवारची सुट्टी ठरली. पगार दर महिन्याला वर पोचवायचं ठरलं. बुधवारपासून ती कामावर रुजू झाली. पहिल्या दिवशी हर्षदाताई तिला जिन्यापर्यंत सोडायला गेल्या.

दिवाळीनंतर तेरदाळ्यांची खालची दाढ ठणकू लागली. ते खाली गेले, खुर्चीत रेलले आणि तोंड उघडलं. धून कपाटाच्या बाजूनं सुरू झाली. मधला भाग जवळ आला तशी डॉक्टरांनी मशीन बंद करून हातात धरली. तिथली तशी पद्धत पडली होती. बाहेर बाकावर बसलेल्यांनीही मासिकं खाली ठेवली.

भाग वाजला. तेरदाळ्यांना काहीतरी म्हणायचं होतं. तोंडातून नुसता 'आ' आला.

"बोलू नका," डॉक्टर म्हणाल्या.

काम झाल्यावर त्यांनी चूळ भरायला सांगितली. तेरदाळ्यांनी चूळ भरली, रुमालानं डोळे आणि मग तोंड पुसलं आणि उठू लागले.

"बाबा," धून म्हणाली, "वरचीही दाखवून घ्या ना."

वरची दाढ दुखत नव्हती. तेरदाळे परत रेलले आणि त्यांनी तोंड उघडलं.