पाटलांची धाकटी

खंडेराव पाटील जेवायला बसले की वरणात बोट बुडवून ताटाच्या रिकाम्या बाजूला काडतूस काढायचे. अगदी खऱ्या मापाचं. "हे पाहा मास्तर, चारशे सत्तर. अस्वल जागच्या जागी बसते," असं म्हणेपर्यंत पाटलीणबाई यायच्या आणि त्या काडतुसावर मुकाट्यानं भाताची मूद पडायची. पाटलांना त्याचं काही वाटत नसे. ते भात सरकवून शेजारी दुसरं काढायचे. "हे तीनशे पंच्याहत्तर. याच्या कमरेले पट्टा असते. कसं नटल्यावानी दिसून राह्यलं." माझा हात वाळून कडक झालेला असायचा, पण पाटलांची काडतुसं संपल्याशिवाय पानावरून उठायची सोय नव्हती.

मी तेव्हा अमडापूरच्या शाळेत मास्तर होतो. गावात इंग्रजी वाचणारा मी एकटा. त्यामुळे मुंबईच्या बंदूकवाल्या कंपनीचं सचित्र पुस्तक दरवर्षी आलं की मला वाड्यावरून बोलावणं यायचं. पाटलांना इंग्रजीतलं अक्षर येत नव्हतं, आकडे मात्र त्यांनी हौसेनं गिरवून घेतले होते. त्या आकड्यांत नळीचं माप असतं आणि नळीच्या मापाचंच काडतूस लागतं, हा पहिला धडा मला त्यांनीच दिला. तो त्यांनी मला निदान पन्नास वेळा दिला असेल.

रायफल त्यांच्याकडे होतीच. वडिलांच्या वेळची, दोन नळ्यांची, काळ्या दारूची. तिला सगळं घर 'थोरली' म्हणायचं. थोरलीचा बार झाला की पाटील धुरात दिसेनासे व्हायचे आणि धुराच्या आतून त्यांचा आवाज यायचा, "लागली का बे?" रानडुक्कर पडलंय की ज्वारीतून निघून गेलंय हे सगळ्यांना कळायचं, पाटलांना शेवटी. पण नेम पक्का होता. डुक्कर बहुतेक पडलेलंच असायचं.

"एक आहे ना चांगली, मग दुसरी कशाला?" असं मी एकदा विचारून बसलो.

"पालट पाह्यजे, मास्तर," पाटील म्हणाले. "मानसाले पालट पाह्यजे. थोरली आहेच. पन आता एक धाकटी आनाची."

ही धाकटी ते सहा वर्षं निवडत होते. मुलीची स्थळं बघावीत तसा थाट असायचा. पाटील लोडाला टेकायचे, मी पुस्तक उघडायचो. वजन वाचा, म्हणायचे. मी वजन वाचलं की "अंगानं लय भरली. फुडं चाला." एकीची नळी लांब, बोथ्याच्या जंगलातल्या झाडीत अडकेल. एक दिसायला देखणी, पण धक्का असा देते म्हणे की खांदा आठ दिवस शेकावा लागतो. चारशे चारवर त्यांचं मन बसलं होतं, तर पुढच्याच वर्षी तिच्या दस्त्याचा रंग त्यांना आवडेना. तीनशे पंच्याहत्तरपाशी आले की मात्र आवाज खाली यायचा. ते चित्रावरून हलकेच बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "ही चांगली आहे. पन घाई कराची नाही."

खरं सांगतो, मलाही वेड लागलं होतं. ज्या माणसानं आयुष्यात उंदीरसुद्धा मारलेला नाही, तो मी रस्त्यानं जाताना म्हशीकडे बघून हिला कुठलं काडतूस लागेल याचा हिशेब करायचो. सहाव्या वर्षी मी पाटलांना सरळ विचारलं, अडतंय कुठे? पाटील म्हणाले, "परवाना कुठी भेटते जी दुसरीचा? साहेब देत नाही." आणि डोळे मिटून पडले.

मला एवढं निमित्त पुरे होतं. बुलढाण्याच्या डिप्टी कमिशनर साहेबांना मी असा अर्ज लिहिला की वाचणाऱ्याला आपल्या खुर्चीखाली बिबट्या बसलाय असं वाटावं. पिकांची नासाडी, अस्वलांचा सुळसुळाट, पाटलांची राजनिष्ठा, आणि शेवटी नम्र विनंती की तीनशे पंच्याहत्तर मापाची एक रायफल मिळावी. पाटलांनी "लिहा, लिहा, काई होत नाही" म्हणत मोडीत सही ठोकली. महिन्याभरात परवाना आला. मी शाळा मॉनिटरवर सोपवून कागद फडकवत वाड्यापर्यंत पळत गेलो.

पाटलांनी शिक्का बघितला. कागद उलटा करून पाठीमागूनही बघितला.

"देल्ला साहेबानं?"

"दिला ना, पाटील."

"इतक्या लवकर?" म्हणाले आणि लोडाला टेकायच्या ऐवजी भिंतीला टेकले. आनंदानं माणसाचं असं होतं, अशी मी माझी समजूत घातली.

चार दिवसांत डोणगावहून बैलांची दमणी आली आणि दमणीतून अक्का उतरल्या. अक्का पाटलांच्या थोरल्या बहीण. मांजर आडवं गेलं तर अर्ध्या वाटेवरून घरी परतणाऱ्या, पण माणूस आडवा आला तर त्याला बाजूला करून जाणाऱ्या. ओसरीवर बसल्याबरोबर त्यांनी मलाच हात जोडले.

"मास्तर, तुमचे लय उपकार झाले. लग्नाले अठरा वर्स झाले, घरात पाळना नाही. म्या म्हनलं, खंडू, दुसरी कर. तर हा म्हनते, दोन नव्या एकदम घरात नको. आधी दुसरी रायफल येऊ दे, मंग दुसरी बायको. देवाची शप्पथ घेऊन वचन देल्लं त्यानं मले. सहा वर्स मी वाट पाहून राह्यली. पोरगी हेरून ठेवली आहे म्या." मग भावाकडे वळून म्हणाल्या, "तूच म्हनत असतं न, मानसाले पालट पाह्यजे?"

पाटलीणबाई पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांनी तांब्या अक्कांच्या पुढ्यात ठेवला, त्यावर फुलपात्र पालथं घातलं आणि आत गेल्या. सहा वर्षांत त्या माझ्याशी दहा शब्द बोलल्या नसतील. पण त्या दिवशी आत जाताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि माझं इंग्रजी जळून जावं असं मला वाटलं. या बाईच्या घरात सवत यायची वाट मी माझ्या सुवाच्य अक्षरात मोकळी करून दिली होती.

अक्का हलायला तयार नव्हत्या. "मागव आजच," म्हणाल्या, आणि पत्र लिहायला मला समोर बसवलं. परवान्यात माप लिहिलेलंच होतं, त्यामुळे रायफलीत निवडीला जागा उरली नव्हती. मी जड हातानं ओळी लिहीत गेलो. काडतुसांपाशी आलो तेव्हा पाटील म्हणाले, "थांबा. काडतुसाचा आकडा माया हातानं घालतो. एवढी हौस राहू द्या माही." त्यांनी टाक घेतला, आकडा घातला, शाई वाळावी म्हणून वर राख भुरभुरली आणि पत्राची घडी करून स्वतःच पाकीट चिकटवलं.

नांदुऱ्याच्या स्टेशनावरून खोका आला त्या दिवशी अर्धं गाव वाड्यात होतं. मनातून खचलेला मी, पण खोक्याची फळी निघाली आणि तेलाचा वास सुटला तेव्हा माझेही पाय आपोआप पुढे गेले. काय देखणी वस्तू होती. अक्रोडाचा दस्ता, त्यात वळणावळणाच्या रेषा, निळसर काळी नळी. पाटलांनी ती दोन्ही हातांवर घेतली. सहा वर्षं वरणानं जिचं काडतूस काढलं ती आता हातात होती. त्यांनी खांद्याला लावून पाहिली, खाली घेतली, पुन्हा लावली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

मग त्यांनी काडतुसांची पेटी फोडली. एक उचललं आणि रायफलीला लावलं. ते आत जाईना.

"ढकल की," अक्का म्हणाल्या.

"जात नाही, अक्का."

"सरक तिकडं." अक्कांनी ते काडतूस घेतलं आणि मुसळ खुपसावं तशा जोरानं दाबू लागल्या. भोवतालची माणसं दहा पावलं मागे सरली. काडतूस बोटभर जाड, भोक त्याहून बारीक. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं, सगळी पेटी तशीच. मी पेटीवरचा आकडा वाचला. चारशे सत्तर.

"माया हातून आकडा चुकला," पाटील शांतपणे म्हणाले.

"मंग दुसरे मागव. त्याले काय लागते?"

"मागवले असते," पाटील म्हणाले. "पन उंबऱ्याच्या आत पाय ठेवल्या ठेवल्या जोडा जमला नाही. पह्यल्याच दिवशी असा अपशकुन. आता हिले घरात ठेवू म्हनतं का तू?"

अक्कांनी हातातलं काडतूस झटकन पेटीत टाकलं. आडव्या गेलेल्या मांजराकडे बघावं तशा त्या रायफलीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "धाड परत." दुसऱ्या दिवशी त्यांची दमणी डोणगावच्या वाटेला लागली. त्या पोरीचं लग्न पुढे लवकरच दुसरीकडे झालं आणि चांगलं झालं, असं कानावर आलं.

खोका पाटलांनी स्वतः बांधला. तेलाचा कागद तीनदा गुंडाळला, तिसऱ्यांदा जरा जास्तच वेळ लावला. मला राहवेना. "पाटील," मी म्हणालो, "तुमच्या हातून आकडा चुकला? तुमच्या?"

"मानसाच्या हातून चूक होते जी," ते खिळा ठोकत म्हणाले. मग खुंटीवरच्या जुन्या रायफलीकडे मान वळवून म्हणाले, "थोरली आहे न. तिनं मले कवा दगा देल्ला नाही."

त्या दुपारी त्यांनी मला जेवायला ठेवून घेतलं. पाटील खाली मान घालून जेवत होते. वरण होतं, पण बोट बुडत नव्हतं. पाटलीणबाई भात घेऊन आल्या, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मूद ताटाच्या अलीकडच्या कडेला वाढली. पलीकडची बाजू तशीच मोकळी ठेवली.

मग जाता जाता दारात थांबल्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "कंपनीले पत्र लिहा. म्हनावं, यंदाचं पुस्तक जरा जाडं धाडा."