डाव्या कुशीचा दाखला

जन्म आपोआप होऊ देणं हे समाजाच्या मागासलेपणाचं पहिलं लक्षण होय. आमच्या काँद्रोज भागात हे मागासलेपण समूळ घालवण्यात आलं आहे. इथल्या निळसर-पांढऱ्या गाईंची वासरं बाहेर येत नाहीत; ती काढली जातात.

याचं सगळं श्रेय कोलोसला. कोलोस हा आमच्या गावचा वळू. काय त्याचा डौल! खांदे जणू ओढ्यातले धुऊन निघालेले धोंडे, पुठ्ठे जणू भट्टीत फुगून आलेले पाव, आणि कातडी इतकी नितळ की सकाळच्या उन्हात आतला एकेक स्नायू बोटाने दाखवावा. चरबी औषधालाही नाही. (चार पावलं टाकली की तो थांबतो. हे दम लागल्यामुळे नसून रुबाबामुळे आहे, असा गोवंश उन्नती मंडळाचा निर्वाळा आहे.)

त्याची वासरं आईच्या पोटातच त्याच्याएवढी रुंद व्हायला बघतात. गाईची वाट मात्र अरुंदच असते. मागून गाय तशीच चांगली दिसते. मग डॉक्टर येतात. गाय उभीच ठेवायची, डावी कूस भादरायची, सुई द्यायची, कापायचं आणि वासरू उचलून पेंढ्यावर ठेवायचं. गाय मान वळवून बघते, हे कुणाचं म्हणून. तोवर डॉक्टरांसाठी कॉफी आणि तांदळाची गोड पाई तयार असते. गेल्या साली गावातली शंभरातली नव्याण्णव वासरं अशी जन्मली. (शंभरावं लाकडी होतं, चर्चमधल्या नाताळच्या देखाव्यातलं.)

म्हणूनच मंडळाचा नियम आहे: व्यालेल्या गाईच्या डाव्या कुशीवर टाक्यांचा व्रण नसेल, तर ती खाटकाच्या गाडीत. जी सहज व्याली, तिच्यात काहीतरी कमी असणारच.

या प्रगतीला पेर्वांश नावाच्या गाईने रविवारी काळिमा फासला. सगळं गाव प्रार्थनेला गेलेलं असताना ती सफरचंदाच्या झाडाखाली, कुणालाही न विचारता, व्याली. मालक आंसेल्म लँबिनों आणि त्याची बायको गिलेन परतले, तेव्हा वासरू लुचत होतं. आंसेल्मने टोपी काढली, घरात कुणी वारल्यासारखी.

"कुणी पाहिलं का?"

"या झाडाने पाहिलं," गिलेन म्हणाली. "बघ तरी, कसं ढुशा देतंय."

"शनिवारी मंडळाचे परीक्षक येतायत, बाई. कूस बघतील आणि चढवतील हिला गाडीत. मग घे मुके झाडाचे."

गिलेनने पेर्वांशच्या गळ्यात हात टाकला. पेर्वांशला तिने चुलीच्या उबेला, बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. गुत्त्यात तोवर बातमी पोचून कोलोस म्हातारा झाल्याची कुजबुज सुरू होती, आणि एकाने तर आंसेल्मला विचारलं होतं, की आता तुझ्याकडच्या कोंबड्याही स्वतःच अंडी घालतात का.

सोमवारी गिलेनने डॉक्टर बोदारना बोलावलं.

"डॉक्टर, हिला कापा."

"आत काय आहे?"

"काही नाही."

"मग काढू काय, गिलेनबाई?"

"काही काढू नका. नुसते टाके घाला."

डॉक्टरांनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. ते तत्त्वाचे मनुष्य होते. विनाकारण त्यांनी कधी कापलं नव्हतं. "हिला झालंय तरी काय?" त्यांनी विचारलं.

"हिला जमलं," गिलेन म्हणाली. "एवढंच झालंय."

डॉक्टरांनी नुसती कातडी कापली आणि शिवली. गिलेनने पेर्वांशचं तोंड छातीशी धरलं होतं, आणि बाटलीच्या दिवसांतली ती धून तिच्या कानाशी गुणगुणत होती. वासरू पलीकडून लुचत होतं. कॉफी त्या दिवशी कुणी प्यायलं नाही.

शनिवारी परीक्षक आले, मागोमाग गाडी. मुख्य परीक्षकांनी टाक्यांवरून बोट फिरवलं.

"अवघड गेलं वाटतं?"

"फार," गिलेन म्हणाली.

"आणि वासरू?"

"गेलं," आंसेल्म घाईने म्हणाला. "फारच मोठं होतं."

परीक्षकांनी आदराने टोप्या काढल्या. केवढं असेल, असं ते आपसांत हळहळले. पेर्वांशला बक्षिसाची निळी फीत मिळाली. तेवढ्यात त्यांच्या पायांमधून काहीतरी धावत गेलं.

"आणि हे?"

आंसेल्मने गिलेनकडे पाहिलं. गिलेनने फितीकडे पाहिलं.

"हे असंच," आंसेल्म म्हणाला. "दुधाच्या गाईचं कुठलंतरी."

"धावतंय फार. अंग धरायचं नाही. द्या, गाडीत एक जागा रिकामी आहे."

ती जागा पेर्वांशची होती. आंसेल्मला आभार मानावे लागले. पेर्वांश कुंपणाशी उभी राहून गाडी वळेपर्यंत हंबरली, आणि परीक्षकांनी जाता जाता तिला मातृत्वाचे पूर्ण गुण दिले.

वाचकहो, तुम्हाला परीक्षकांचा राग आला असेल. येऊ द्या, तो आरोग्याला चांगला असतो. पण वर मी कोलोसचे खांदे वर्णिले, पुठ्ठे वर्णिले, तेव्हा तुम्ही मान डोलावलीत. वासराचं वर्णन मी कुठेच केलं नाही. रंग नाही, डोळे नाहीत. ती कालवड होती की गोऱ्हा, हेही तुम्ही अजून विचारलेलं नाही.